चार पैशांची बाकी

एरंडोलच्या बाजारपेठेतील आमच्या वडिलोपार्जित किराणा दुकानाच्या माळ्यावर, रिकाम्या गोणपाटांच्या आणि मोडक्या तराजूंच्या आड, डालड्याचे तीन जुने डबे कित्येक वर्षे पडून होते. आणि २०११ सालच्या जून महिन्यात, अंजनी नदीवर पहिला पाऊस येऊन गेल्यानंतरच्या एका ओलसर सकाळी, माझे थोरले बंधू नाना यांनी ते खाली उतरविण्यास सांगितले, तेव्हा पुतण्याला एकेक डबा पोटाशी धरून शिडी उतरावी लागली. तिन्ही डब्यांत चिल्लर होती. पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून रद्द होतील, अशी अधिसूचना केंद्र सरकारने आदल्या डिसेंबरातच काढली होती, आणि लहान नाण्यांचे भांडार असलेल्या बँक शाखांतून ती २९ जूनपर्यंत दर्शनी किमतीने बदलून मिळावीत अशी व्यवस्था रिझर्व्ह बँकेने केली होती. मुदतीला आठवडा उरला होता. मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेला असल्यामुळे मोजदादीचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

पहिला डबा चटईवर उपडा केला, तेव्हा धान्य निवडण्यासारखे हे काम असेल अशी माझी समजूत होती. परंतु धान्यात खडा वेगळा दिसतो, आणि इथे तर पंचवीस-तीस वर्षे तेलकट हातांतून येऊन दमट हवेत साठलेली नाणी एकमेकांना चिकटून त्यांची ढेकळे झालेली होती. पुतण्याने मोडक्या रेडिओच्या कर्ण्यातील लोहचुंबक सुतळीला बांधून आणले. ते ढिगावरून हळूहळू फिरविले की पोलादी नाणी, म्हणजे गेंड्याचे चित्र असलेली पंचवीस पैशांची आणि नखाएवढी दहा पैशांची, टकटक करीत झुंबरासारखी त्याला लटकत, आणि ॲल्युमिनियमची निमूटपणे खाली राहत. त्यानंतरची निवड बोटांची होती. एक पैसा चौकोनी, कोपरे गोलाकार झिजविल्यासारखा. दोन पैशांची कड पाकळ्यांची. तीन पैसे षट्कोनी. पाच पुन्हा चौकोनी, पण आकाराने थोर. दहाची कड लाटेसारखी. वीस मोठ्या षट्कोनाचे. ज्यांना आकडा वाचता येत नव्हता त्यांनाही अंधारात, पदराच्या गाठीतूनसुद्धा, हातातील नाणे कितीचे हे कळावे, असे हे आकार होते. दुपारपर्यंत माझी बोटे शिशाच्या पेन्सिलीने रंगविल्यासारखी करडी झाली. कित्येक नाण्यांवर सालाखाली शंकरपाळ्याच्या आकाराची इवलीशी खूण दिसे. ती मुंबईच्या टांकसाळीची.

तिसऱ्या डब्याला हात घातल्यावर माझ्या ध्यानात आले, की ही नाणी विहिरीच्या खोदकामात दिसणाऱ्या थरांप्रमाणे साठलेली आहेत. पहिल्या डब्यात पोलादी पावल्यांचे राज्य. दुसऱ्यात वीस आणि दहा पैसे. आणि तिसऱ्याच्या तळाशी पाच, तीन, दोन व एक. नाना गादीवर बसून एकेक नाणे हातात घेत आणि भाव सांगत. "बापू, ह्या पाचाला मोहरी-जिऱ्याची पुडी जायची. ह्या दहाला खोबऱ्याचा तुकडा. आणि चार आण्यांचं तेल तर रोज संध्याकाळी पंधरा बाया न्यायच्या." कपाशी वेचून परतणाऱ्या त्या बायांचे दृश्य मला लख्ख आठवते: हातात काचेची लहान बाटली, तिच्या गळ्याला दोरी, आणि त्या दिवसाच्या मजुरीतून त्या संध्याकाळच्या चुलीपुरते तेल. नाना पळीने तेल ओतीत, थेंब पडू देत नसत, आणि शेवटी अर्धी धार वर घालीत.

सरकारी हिशेबाला मी दोष देत नाही. ज्या नाण्याचा धातूच त्याच्या किमतीहून महाग, ते पाडीत राहणे कोणत्याही खजिन्याला परवडणारे नव्हे. परंतु सर्वांत लहान नाणे ही दुकानाची सर्वांत खालची पायरी असते, आणि ती काढून घेतली म्हणजे तिच्यावर उभा असलेला माणूस एक तर वरच्या पायरीवर चढतो किंवा आल्या पावली परत जातो, ही गोष्ट कोणत्याही ताळेबंदात नोंदली जात नाही. पूर्वी किती घ्यावे हे गिऱ्हाईक ठरवी. "दोन पैशांचं द्या" म्हटले की दुकानदाराला तेवढे तोलून देणे भाग होते. आज कारखान्यातून बंद होऊन येणारी पुडी ते ठरविते. पुडी लहान असेल, पण तिचे माप त्या बाईच्या चुलीने घेतलेले नाही.

नाणे मरते ते दोनदा, असे त्या ढिगाकडे पाहताना मला वाटले. एक पैसा रोजच्या व्यवहारासाठी पाडणे सत्तरच्या दशकाच्या आरंभीच थांबले. त्याचा गाजावाजा झाला नाही. कायद्याने तो रद्द झाला त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी. कॅनडाने ४ मे २०१२ रोजी विनिपेग येथे आपला शेवटचा सेंट पाडला, अमेरिकेने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात. पण त्या दोन्ही देशांत पाडणे थांबले तरी लोकांच्या हातांतील सेंट कायदेशीर राहिला. आपल्याकडे तारीख उलटली की हातात उरतो तो केवळ धातू.

मी नऊ वर्षांचा असताना, १ एप्रिल १९५७ रोजी, नवे पैसे आले. शाळेत आम्ही पाढ्यासारखे घोकीत असू: एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. या कोष्टकात एक खोच होती. आण्याआण्याचा माल चार वेळा नेणाऱ्याचे चोवीस पैसे जात आणि एकदम चार आण्यांचा नेणाऱ्याचे पंचवीस. त्या एका पैशावरून पेठेत रोज तंटे होत. वडिलांनी गल्ल्याशेजारी काशाच्या एक पैशांची एक वाटीच ठेवली होती, आणि कोणीही हरकत घेतली की ते त्यातून एक पैसा उचलून त्याच्या तळहातावर ठेवीत. "पैचा हिशेब चुकला की रुपयाचा चुकतोच," असे ते म्हणत. आणि एकेकाळी आमच्या गावाचे नाव ज्या जाडसर देशी कागदामुळे दूरवर पोचले होते, त्याच कागदाच्या जुन्या वह्यांत त्यांनी उतरविलेला जमाखर्च आजही वाचता येतो.

आमची निवड चालू असतानाच एक वृद्ध बाई ओट्यावर येऊन बसली. तिने पदराची गाठ सोडली. आत पाच पावल्या होत्या. पद्मालयाच्या गणपतीला सव्वा रुपयाचा नवस होता, आणि नातवाने सांगितले होते की ही नाणी बंद होणार. "आते सव्वा रुप्या कसा देऊ, भाऊ?" तिने विचारले. तोवर माझ्या मनातही हा विचार आला नव्हता. सव्वा हा आपल्या दक्षिणेचा, ओटीचा, नवसाचा आकडा. पूर्णावर थोडे अधिक, अशी त्यामागची भावना. आणि ते 'थोडे अधिक' म्हणजेच ही पावली. तीस जूनपासून सव्वा रुपया हा शब्द राहील, पण तो कोणाच्याही ओंजळीत ठेवता येणार नाही. नाना क्षणभर थांबून म्हणाले, "मावशी, बदलू नका. मुदतीच्या आत जाऊन देवाला वाहून या." ती दुसऱ्याच दिवशी जाऊन आली, आणि परतताना दुकानात प्रसाद ठेवून गेली.

चौथ्या दिवशी गोषवारा तयार झाला. पंचवीस पैशांची ९१२ नाणी, म्हणजे २२८ रुपये. आणि दुसऱ्या टोकाला एक पैशाची १३, ज्यांचे एकत्र वजन, पाऊण ग्रॅम एकाचे धरता, तोळाभरही भरत नव्हते. एकंदर बेरीज ३८२ रुपये ५४ पैसे. गावातील शाखेत नाण्यांचे भांडार नसल्यामुळे पिशव्या घेऊन आम्ही एस.टी.ने जळगावला गेलो. तेथील रोखपालाने आमच्या चिठ्ठ्यांशी रुजुवात करून सर्व बरोबर असल्याचे सांगितले. मात्र पन्नास पैशांहून लहान नाणे आता देता येत नसल्यामुळे वरचे चार पैसे कसे द्यावेत, हा प्रश्न त्यालाही पडला. नानांनी एक पैशाची चार नाणी पिशवीतून काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. ३८२ रुपये आणि एक अधेली घेऊन आम्ही परतलो. ती अधेली कायद्याने आजही चालते, पण त्याच संध्याकाळी स्थानकावरच्या चहावाल्याने ती घेतली नाही.

घरी आल्यावर नानांनी दिवा लावून रोजकीर्द उघडली. रोकड जमा केली, तारीख घातली, आणि खतावणीत एक नवे खाते उघडून त्याखाली लिहिले: सरकारकडून येणे, पैसे ४. मी काही बोललो नाही. नानांना जाऊन आता सहा वर्षे झाली. वहीपूजनाच्या दिवशी पुतण्या नव्या वहीत मागील बाकी ओढतो, तेव्हा इतर येण्यांच्या शेवटी तोही ती ओळ लिहितो, आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलेले ते चार पैसे वहीशेजारी पाटावर मांडतो.