सीडी मुकी कां राहते?

मुंबईहून निघालेला उतारू नेरळ मागें टाकून, बोरघाट चढून, त्याच डब्यांतून खंडाळ्याच्या माथ्यावर येतो. माथेरानास जावयाचें असेल तर मात्र त्याला नेरळला उतरावेंच लागतें. कारण मोठ्या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर ५ फूट ६ इंच, आणि १९०७ सालीं सुरू झालेल्या माथेरानच्या मार्गाचें अवघें २ फूट. उतारू तोच, गाडी मात्र निराळी. संगणकांतील गाण्याचीहि स्थिति अशीच आहे.

सुटीसाठीं खंडाळ्यास गेलेलें कुटुंब बंगल्यांतील जुन्या यंत्रांत घरीं तयार केलेली सीडी घालतें, आणि यंत्र मुकें राहतें. तीच सीडी संगणकावर सुरेल वाजलेली असते. मग ध्वनिमुद्रण बिघडलें असें समजून तबकडी, आणि कधीं मूळ फाइलहि, टाकून दिली जाते. आजीच्या ओव्या एकुलत्या एका कॅसेटवरून उतरविलेल्या असतील तर ही घाई फार महाग पडते. वस्तुतः दोष बहुधा आवाजांत नसून त्याच्या रूपांत असतो.

ऑडिओ सीडीचे नियम फिलिप्स व सोनी या कंपन्यांनीं १९८० सालीं ठरविले. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजावयाची, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत नोंदवावयाचें, आणि डाव्याउजव्या दोन्ही बाजूंसाठीं हें स्वतंत्रपणें करावयाचें. अशा एका मिनिटाला सुमारें १० मेगाबाइट जागा लागते. एमपीथ्रीच्या पद्धतींत कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळतात. म्हणून १२८ किलोबिटांची फाइल सुमारें अकरा पट लहान होते. पुष्कळ जुन्या यंत्रांना मात्र पहिलीच भाषा समजते.

म्हणून प्रथम सीडी ‘डेटा’ म्हणून लिहिली कीं ‘ऑडिओ’ म्हणून, हें पाहावें. एकाच तबकडीवर शंभराहून अधिक गाणीं मावलीं असतील तर ती डेटा सीडीच होय. ऑडिओ सीडींत साधारण ८० मिनिटेंच बसतात. नंतर फाइलीची मोजणी तपासावी. चित्रफितींतून घेतलेला आवाज पुष्कळदां ४८,००० चा असतो. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमनें तो आपण होऊन बदलला नाहीं, तर आधीं ४४,१०० वर आणावा. सीडी शेवटीं ‘फायनलाइझ’ केली नसेल तरीहि दुसरें यंत्र ती वाचीत नाहीं. एकच ख्याल अनेक भागांत विभागलेला असेल तर भागांमधील दोन सेकंदांची शांतता शून्यावर आणावी. नाहींतर ऐन रंगांत आलेली तान तुटते.

एक गैरसमज मात्र टाळला पाहिजे. एमपीथ्रीचें वेव्हमध्यें रूपांतर केल्यानें फाइल मोठी होते, परंतु गाळलेला सूर परत येत नाहीं. कॅसेट उतरवितांना आधीं वेव्ह किंवा फ्लॅक या रूपांत जतन करावी, आणि एमपीथ्री त्या प्रतीवरून काढावी. मुकी राहिलेली सीडी पुन्हां करतां येते. मूळ प्रत मात्र, कितीहि जागा अडवीत असली तरी, पुसूं नये.