आंबवण्याची कला, भाग ६ : स्टाउटची भाजणी

पनवेलच्या एखाद्या बिअर शॉपीत काळी बिअर मागितली, तर दुकानदार बहुतेक वेळा काळ्या लेबलाची स्ट्राँग बाटली पुढे ठेवतो. घरी आणून ग्लासात ओतावी, तर आतली बिअर पिवळीधमक. लेबल काळे, नाव दणदणीत आणि आत मागच्या भागात पाहिलेली तीच लागर. यात दुकानदाराचा दोष नाही. आपल्याकडे खपणारी जवळजवळ सगळी बिअर लागरच असते. पनवेल तालुक्यातल्याच तळोजा एमआयडीसीत युनायटेड ब्रुअरीजचा मोठा कारखाना आहे, तिथली ओळखही लागरचीच. स्टाउटची जात वेगळी आणि तिला शोधावे लागते. आजचा भाग या शोधाचा आहे, आणि सापडल्यावर तिची चव कशी ओळखायची व सांगायची याचा.

आधी एक गैरसमज दूर करू. स्टाउट काळी, म्हणून कडक, असे अनेकजण धरून चालतात. डब्लिनची गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्के अल्कोहोलची असते. आपल्या शॉपीतली माइल्ड लागर ५ टक्क्यांच्या आसपास आणि स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे जगातली सर्वांत प्रसिद्ध काळी बिअर आपल्या साध्या पिवळ्या बिअरपेक्षाही सौम्य आहे. रंगाचा अल्कोहोलशी संबंध नाही. रंग येतो भाजणीतून, आणि स्टाउटची जवळपास सगळी चवही तिथूनच येते.

जव भिजवून, मोड आणून, वाळवून माल्ट कसा होतो हे आपण दुसऱ्या भागात पाहिले. स्टाउटलाही बहुतांश तोच फिकट माल्ट लागतो. फरक पडतो तो शंभर किलोत मिसळलेल्या दहाएक किलो काळ्या दाण्यांमुळे. हे दाणे फिरत्या पिंपात दोनशे अंश सेल्सिअसच्या वर भाजतात. शेवटची काही मिनिटे फार जोखमीची असतात. थोडे आधी काढले तर चॉकलेटी रंग आणि कोकोचा वास, थोडा उशीर झाला तर कोळसा. योग्य क्षणी पाण्याचा फवारा मारून भाजणी थांबवावी लागते. मटणाच्या वाटपासाठी कांदा-खोबरे भाजणाऱ्या कुणालाही हा क्षण नेमका कळतो. तव्यावर आणि पिंपात होणारी रासायनिक क्रियाही एकच आहे. साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकत्र येऊन तपकिरी रंग आणि शेकडो नवे वास तयार होतात. लुई-कामिय माइलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला माइलार्ड अभिक्रिया म्हणतात.

हे काळे दाणे बिअरमध्ये आले कसे, ती कहाणी मला फार आवडते, कारण तिच्या मुळाशी कर आणि हिशेब आहे. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये हमाल-कष्टकऱ्यांची आवडती बिअर होती पोर्टर. ती लाकडाच्या जाळावर भाजलेल्या तपकिरी माल्टपासून बनायची. तिच्यातल्या अधिक दमदार पोर्टरला ‘स्टाउट पोर्टर’ म्हणत, आणि पुढे नुसतेच स्टाउट उरले. शतकाच्या शेवटी ब्रुअरांच्या हाती द्रवातल्या साखरेचा अंदाज देणारा हायड्रोमीटर आला. त्याने मोजल्यावर दिसले की तपकिरी माल्ट स्वस्त असला तरी त्यातून साखर फार कमी निघते, म्हणजे महाग फिकट माल्टच खरा परवडतो. पण फिकट माल्टची पोर्टर काळी होईना. मग काहींनी जळकी साखर आणि इतर रंग घालायला सुरुवात केली. सरकारने १८१६ मध्ये असे रंग वापरण्यावर बंदी घातली, कारण माल्टवर कर मिळत होता आणि रंगांमुळे तो बुडत होता. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर याने कॉफी भाजण्याच्या यंत्रासारख्या पिंपात माल्ट काळा करण्याचे पेटंट घेतले. माल्टच असल्यामुळे तो कायद्यात बसत होता, आणि चिमूटभरही पुरत होता. आजच्या स्टाउटचा जन्म मी याच वर्षी धरतो. आर्थर गिनेसने डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेटची जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने ९,००० वर्षांसाठी घेतली होती ती १७५९ मध्ये, पण तेव्हा तिथे बनणारी बिअर आजची काळी गिनेस नव्हती.

ही काळी बिअर महाराष्ट्रातही लवकर आली. इंग्रज अधिकारी पेल एल ही फिकट बिअर पीत आणि साध्या सोल्जरांसाठी जहाजातून पोर्टरची पिंपे येत. मुंबई, पुणे, देवळाली इथल्या छावण्यांत ती रिचवली गेली. हिंदुस्थानात बिअर म्हणजे इंडिया पेल एल, असे आपण इतक्या वेळा ऐकतो की पोर्टरची ही बाजू झाकोळून जाते. छावण्यांबरोबर पोर्टरही गेली, आणि स्वातंत्र्यानंतर लागरने सगळे अंगण व्यापले. काळ्या बिअरचे पुनरागमन झाले ते छोट्या प्रमाणावर जागीच बिअर बनवणाऱ्या मायक्रोब्रुअरींमधून. पुण्यात २००९ मध्ये डूलली सुरू झाली, ती महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. तिचे नाव त्याच देवळालीवरून आलेले आहे.

आता चव. स्टाउटचा ग्लास समोर आला की लगेच घोट घेऊ नका. आधी उजेडासमोर धरा. चांगली स्टाउट काठाशी गडद लालसर दिसते. फेस गव्हाळ-तपकिरी असतो. मग वास घ्या: भाजलेली कॉफी, कोको, खरपूस पावाची कड, कधी काकवी. पहिल्या घोटात जिभेवर गोडसरपणा येतो, मधे आंबूस धार लागते आणि गिळल्यावर घशाशी कोरडा कडवटपणा उरतो. या तीन पायऱ्या वेगवेगळ्या ओळखता आल्या की निम्मे काम झाले.

पनवेलकरांना अशा थरांच्या चवीची सवय आहेच. १८७२ पासून इथे श्री धूतपापेश्वरचा आयुर्वेदीय कारखाना आहे. दशमूलारिष्ट ज्यांनी घेतले आहे त्यांना कडू, तुरट आणि गोड एकामागून एक कसे येतात ते ठाऊक आहे. तोही आंबवलेलाच पदार्थ आहे. काढ्यात गूळ आणि धायटीची फुले घालून तो मुरवतात आणि त्यात अल्कोहोल आपोआप तयार होते. एक औषध, दुसरे पेय, दोन्हींचे हेतू वेगळे. पण जिभेला मिळणारा धडा सारखाच आहे.

कडवटपणाकडे नीट लक्ष द्या, कारण तो दोन प्रकारचा असतो. हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा स्वच्छ, हिरवट, जिभेच्या कडांवर रेंगाळणारा. भाजलेल्या धान्याचा कडवटपणा कोरडा, काळ्या कॉफीसारखा. आयरिश स्टाउटमध्ये मोड न आणलेले जव भाजून घालतात, त्यातून हा कोरडेपणा येतो. इंग्लंडमध्ये १८८० च्या कायद्यानंतरच मोड न आणलेले धान्य वापरायला मोकळीक मिळाली. ओट घातलेली स्टाउट याच्या उलट असते. ओटमधल्या चिकट तंतूंमुळे ती तोंडात रेशमासारखी फिरते. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर, लॅक्टोज घालतात. यीस्टला ती खाता येत नाही, म्हणून गोडी शेवटपर्यंत टिकते. गिनेसचा मऊ साईसारखा फेस मात्र धान्याचा नाही, तो नायट्रोजनचा. कार्बन डायऑक्साइडपेक्षा त्याचे बुडबुडे बारीक असतात.

सर्वांत श्रीमंत असते इम्पीरियल स्टाउट. एकेकाळी लंडनहून बाल्टिकमार्गे रशियाच्या दरबारात जाणारी ही बिअर दहा-बारा टक्क्यांपर्यंत जाते. मनुका, खजूर, जर्दाळू, गुळाचा पाक, चामडे, तंबाखू, शेवटी छातीत पसरणारी ऊब असे तिचे वर्णन केले जाते आणि त्यात अतिशयोक्ती नाही. सुकामेव्याचा तो वास दाट साखरेत राबलेल्या यीस्टने तयार केलेल्या एस्टर या सुगंधी संयुगांचा, आणि वर्ष-दोन वर्षांच्या मुरण्याचाही. पण ती आपल्याकडे बनत का नाही? देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत स्ट्राँग बिअरची व्याख्या ५ ते ८ टक्के अशी आहे. त्यामुळे आपल्या ब्रुअरींची वरची हद्द तिथेच ठरते. अशा दमदार स्टाउटचे सर्वांत जवळचे उत्तम उदाहरण श्रीलंकेत आहे. तिथली लायन स्टाउट ८.८ टक्क्यांची, आणि बिअरवर लिहिणारे ब्रिटिश लेखक मायकेल जॅक्सन यांनी तिची मनापासून स्तुती केली होती. कोलंबोला जाणार असाल तर ती चुकवू नका. माझ्या मते आठ टक्क्यांची ही भिंत थोडी वर सरकवायला हवी. बाटली लहान ठेवावी, कर वाढवावा, पण शैली बनवण्याची मुभा द्यावी.

तोवर पनवेलहून शोध कुठे घ्यायचा? बाटलीत छत्तीसगडची सिम्बा स्टाउट दिसली तर घ्या. ती हलकी आहे, पण भाजणी प्रामाणिक आहे. बाटलीवरची उत्पादनाची तारीख वाचा. मे महिन्यात दुकानाच्या काचेपाशी उन्हात ठेवलेली बिअर घेऊ नका. जुनी झालेली स्टाउट ओल्या पुठ्ठ्यासारखी किंवा सोया सॉससारखी लागते. राखेसारखी करपट लागली तर मात्र चूक ब्रुअरची आहे, काळा माल्ट जास्त पडला आहे.

खरी मजा नळाच्या ताज्या बिअरमध्ये आहे. आपल्या एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला पुणे, हे पनवेलचे भाग्य. पुण्यात मुंढव्याला इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आहे, कल्याणीनगरला बंगळुरूची टॉइट. मायक्रोब्रुअरींत स्टाउट वर्षभर असतेच असे नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा: स्टाउट आहे का, आणि कोणत्या प्रकारची? आधी छोटा सॅम्पल ग्लास मागा, तो देतात. जायचे ते लोकलने किंवा रेल्वेने. एक्स्प्रेस वेवर गाडी चालवायची असेल तर त्या दिवशी बिअर नाही. आपल्या राज्यात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे आहे, हेही ध्यानात असू द्या.

एक विनंती बर्फाबद्दल. आपल्याकडे बिअर ‘एकदम चिल्ड’ मागायची सवय आहे. लागरला ते चालते. स्टाउट बर्फासारखी गार असेल तर जीभ बधिर होते आणि फक्त कडवटपणा उरतो. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवा. दहा-बारा अंशांवर आली की कोको आणि काकवीचे वास वर येतात.

आणि सोबत काय खावे? लंडन-डब्लिनमध्ये स्टाउटबरोबर ऑयस्टर खायची जुनी रीत आहे. ऑयस्टर म्हणजे आपली कालवे. अलिबाग-रेवदंड्याकडच्या खडकांवरून काढलेली कालवे, कमी मसाल्यात सुकी केलेली, आणि कोरडी आयरिश स्टाउट यांची जोडी मला मूळ रीतीपेक्षाही सरस वाटते, कारण कालवांचा खारटपणा स्टाउटची लपलेली गोडी वर काढतो. भाजलेल्या वाटपाच्या सुक्या मटणाला ओटमील स्टाउट घ्या. फार तिखट पदार्थ मात्र टाळा. तिखटाने भाजणीचा कडवटपणा दुप्पट होतो आणि दोन्ही चवी वाया जातात.

पहिल्यांदाच स्टाउट घेणाऱ्याने सुरुवात ओटमील स्टाउटने करावी, आयरिश दुसऱ्यांदा घ्यावी. पुढच्या आठवड्यात हॉप्सकडे वळू.