मोटारीचा रंग आणि फोमची गादी



नांदेड-लातूरसारख्या शहरांत मोटार ही आतां दुर्मिळ वस्तु राहिलेली नाहीं. आणि मोटार दारांत आली म्हणजे तिच्या रंगाची काळजीही पाठोपाठ येतेच. दोन उन्हाळे लोटले कीं रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसूं लागतात. त्या काढण्यासाठीं कारागीर फिरत्या यंत्राला फोमची गादी, म्हणजे पॅड, लावून रंग घासतो. बोलण्यांत ह्याला आपण रबिंग-पॉलिश म्हणतों. पण काम अर्ध्यावर आलें असतां पॅड मधोमध खचतें, कडेनें फाटतें, किंवा पाठीमागचा थर सुटून यंत्रावरून उडून जातें. मग माल वाईट निघाला, असें म्हणून सारे मोकळे होतात. हा न्याय पुष्कळदां चुकीचा असतो. पॅड कां बिघडतें, हें समजून घेतलें तर पॅडपेक्षां मोलाची वस्तु वांचते. ती वस्तु म्हणजे रंग.

आजच्या मोटारींच्या पत्र्यावर तळाशीं अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नांवाचा पारदर्शक लेप असतो. ह्या लेपाची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. रेघा पडतात त्या ह्या लेपांत. पॉलिशनें रेघ बुजते, अशी आपली समजूत असते. वास्तविक तिच्या भोंवतालचा लेप झिजवून तिच्या तळाशीं आणला जातो, म्हणून ती दिसेनाशी होते. झिजलेला लेप पुन्हां उगवत नाहीं. तेव्हां हें काम जपून आणि मोजकेंच करावयाचें असतें.

ह्या रेघांचें मूळ बहुधा धुळींत आहे. लातूरची भूमि काळ्या बेसाल्टची. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइटाचे खडक आहेत. ग्रॅनाइटांतील क्वार्ट्झ चाकूच्या पोलादावरही ओरखडा काढतो. मग लेपाची काय कथा! त्यांत पाण्याची टंचाई. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून रेल्वेनें लातूरला पिण्याचें पाणी आणावें लागलें, ही गोष्ट आपण विसरलों नाहीं. अशा दिवसांत मोटार धुणार कोण? कोरड्या फडक्यानें धूळ पुसली जाते, आणि प्रत्येक पुसण्यासरशी रेघांत भर पडते.

आतां पॅडकडे वळूं. त्याचा फोम पॉलियुरेथेनचा असतो. ह्या द्रव्याचा शोध जर्मनींत ओटो बायर ह्यांनीं १९३७ सालीं लावला. आपल्या गाद्या आणि सोफे ह्यांतही तेंच असतें. फोम म्हणजे असंख्य सूक्ष्म पोकळ्या आणि त्यांत कोंडलेली हवा. हवा उष्णतेची मंद वाहक; म्हणूनच फ्रिजच्या भिंतींत ह्याच जातीचा कडक फोम भरतात. जो गुण फ्रिजला उपकारक, तोच पॅडला मारक ठरतो. घर्षणानें उत्पन्न झालेली उष्णता फोममधून लवकर बाहेर पडत नाहीं.

गोल फिरतां फिरतां लहान वर्तुळांत डोलणारीं जीं यंत्रें आहेत, त्यांत फोम मिनिटाला हजारों वेळां इकडून तिकडे पिळला जातो. कडेला थोडी हवा तरी लागते. मध्यभाग मात्र तापत राहतो. म्हणून कांहीं पॅडांना मधोमध भोंक ठेवलेलें असतें. पॅडच्या पाठीला यंत्रास चिकटणारें वेल्क्रोचें कापड डिंकासारख्या द्रव्यानें बसविलेलें असतें. उष्णतेनें हें द्रव्य मऊ पडलें कीं कापड सुटतें. केवळ गोल फिरणाऱ्या यंत्राची तऱ्हा निराळी. १५० मिलिमीटर व्यासाचें पॅड मिनिटाला १,५०० फेरे घेऊं लागलें, तर त्याची कड सेकंदाला सुमारें १२ मीटर वेगानें धांवते. अशा वेगानें ती नंबरप्लेटच्या कोपऱ्याला लागली, तर फाटल्यावांचून कशी राहील?

ह्यांत माणसाच्या हातून होणाऱ्या चुका मिसळतात. रेघ लवकर जावी म्हणून कारागीर यंत्रावर भार टाकतो. भारानें घर्षण वाढतें. पॉलिश सढळ हातानें ओतलें जातें. तें आणि झिजलेल्या लेपाचा चुरा पोकळ्यांत बसून फोम जड व चोंदलेला होतो. भर उन्हांत, पारा ४० अंशांच्या वर असतां, हात ठेववत नाहीं अशा पत्र्यावर काम सुरू होतें. म्हणजे पॅड फिरण्यापूर्वींच अर्धें तापलेलें! आणि एका पॅडवर सबंध मोटार उरकण्याचा मोह तर सर्वांत वाईट.

उपाय साधे आहेत. मोटार सावलींत, पत्रा थंड असतां घ्यावी. पॉलिशचे चार थेंब पुरेसे मानावे आणि यंत्राच्या वजनाहून फार अधिक भार देऊं नये. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशनें झाडावें, आणि तें ऊन लागूं लागलें कीं दुसरें लावावें. म्हणून एका मोटारीला अनेक पॅडें हाताशीं हवींत. काम संपल्यावर सौम्य साबणाच्या कोमट पाण्यांत तें दाबून धुवावें, पिळूं नये, आणि डिंकांत पाणी मुरूं नये म्हणून फोमची बाजू खालीं करून सावलींत वाळवावें. एवढ्याला एक बादली पाणी पुरतें. टंचाईच्या गांवांतही तेवढें परवडतें.

शेवटीं एकच सांगावयाचें. पॅड खचतें तेव्हां त्याच्या खालचा लेपही तापलेला असतो. यंत्राची उष्णता प्रथम ज्याला भोंवते तें पॅड थोडक्या पैशांत पुन्हां मिळतें. त्याच्यानंतर पाळी येते ती लेपाची, आणि तो जळला तर पत्र्याचा तो भाग नव्यानें रंगविण्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणून पॅड सुटूं लागलें, तर त्याला दोष देत तसेंच दामटूं नये. यंत्र थांबवावें आणि पत्र्याला हात लावून पाहावा. मोटार कारागिराच्या स्वाधीन करतांना आपणही दोन प्रश्न अवश्य विचारावे: काम सावलींत होणार काय, आणि पॅडें किती आहेत? उत्तर समाधानकारक नसेल, तर थोड्या रेघा राहिलेल्या बऱ्या. त्यांच्याखालीं लेप तरी शाबूत असतो.