एक प्रवाह, अनेक दारें

अकोलें तालुक्यांतील भंडारदऱ्याच्या धरणाचें काम १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. त्यांतून सुटलेलें पाणी प्रवरेच्या पात्रानें ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतें व तेथून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरतें. कालव्याच्या चाऱ्या होतात, चाऱ्यांच्या पोटचाऱ्या. ज्याचा सात नंबरचा पाणीअर्ज मंजूर झाला असेल त्याच्याच शेताकडे पाटकरी पाणी सोडतो. प्रत्येक शेतासाठीं धरणापासून निराळा पाट खणावा असें कोणी सुचविलें, तर लोक त्यास हंसतील. परंतु संगणकांच्या जाळ्यांत पुष्कळदां असेंच घडत असतें.

समजा, अहिल्यानगरच्या एखाद्या महाविद्यालयांत एक व्याख्यान दोनशें खोल्यांत एकाच वेळीं दाखवावयाचें आहे. त्यास सेकंदाला २० लक्ष बिटें लागतात असें धरूं. प्रत्येक खोलीस स्वतंत्र प्रत पाठविली, तर उगमाशीं ४० कोटी बिटांचा भार पडतो. एकच प्रत सोडून, वाट जेथें फुटते तेथेंच तिची दुसरी प्रत केली, तर तो २० लक्षांवरच राहतो. ह्या पद्धतीस मल्टिकास्ट म्हणतात. स्टीव्ह डीअरिंग यांनीं लिहिलेले तिचे नियम १९८९ सालीं प्रसिद्ध झाले.

येथें पत्ता एका यंत्राचा नसून समूहाचा असतो. २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते त्यासाठीं राखलेले आहेत. खोलीतील संगणक आपली मागणी आय.जी.एम.पी. ह्या नियमानें जवळच्या राउटरला कळवितो. हाच त्याचा पाणीअर्ज. राउटर ती पी.आय.एम. ह्या नियमानें वरच्या राउटरकडे पोंचवितो. मागणी खालून वर चढते आणि प्रवाह वरून खालीं उतरतो, हें ह्या योजनेचें मर्म होय.

पण श्रोत्यास वक्त्याचा ठावठिकाणा ठाऊक नसतो. म्हणून एक राउटर भेटीचें ठिकाण म्हणून नेमतात. प्रवाह व मागणी यांची प्रथम तेथें गांठ पडते. मांडणी करणारानें प्रत्येक राउटरवर मल्टिकास्ट सुरू करावें, वाटेंतील प्रत्येक जोडणीवर पी.आय.एम. लावावें आणि भेटीच्या ठिकाणाचा एकच पत्ता सर्वत्र नोंदवावा. एक जोडणी जरी विसरली, तरी तिच्याखालची चारी कोरडी पडते. उलट, स्विचनें मागण्यांकडे लक्ष दिलें नाहीं, तर प्रवाह सर्व दारांतून वाहूं लागतो व न मागणाऱ्यांचीं यंत्रें नाहक शिणतात. राउटर उगमाकडील वाटेनें आलेलाच प्रवाह स्वीकारतो; त्यामुळें तो गोल फिरत राहत नाहीं. सामान्यतः दर १२५ सेकंदांनीं तो श्रोत्यांची विचारपूस करतो व उत्तरें थांबलीं कीं कांहीं वेळानें दार मिटतो.

ह्यांत केवळ काटकसर नाहीं, न्यायहि आहे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारांत पूर्वीं भावांची क्षणोक्षणींची वार्ता दलालांना एकामागून एक पाठविली जाई. जो आधीं जोडला जाई त्यास ती आधीं मिळे, असें सेबीच्या ३० एप्रिल २०१९ च्या आदेशांत नमूद आहे. पुढें त्या बाजारानें मल्टिकास्ट स्वीकारलें. मात्र सार्वजनिक इंटरनेटवर ही सोय सहसा मिळत नाहीं. वाटेंतील सर्व राउटर एका व्यवस्थेखालीं असतील तेथेंच ती नीट चालते.

आणखी एक सावधगिरी हवी. वाटेंत सांडलेला अंश ही पद्धति आपण होऊन पुन्हां पाठवीत नाहीं. चुकलेली पाळी चुकलीच. म्हणून मांडणीची परीक्षा उगमाशीं उभें राहून होत नाहीं. कालव्याची खरी हकीकत शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्यास विचारावी लागते. तसें येथेंहि शेवटच्या खोलीत जाऊन व्याख्यान स्पष्ट ऐकूं येतें कीं नाहीं तें पाहावें.