गाडीतील बदल आणि विम्याची भरपाई

इंदूरहून खंडव्याकडे जाताना सिमरोल लागते. आयआयटी इंदूरचा परिसर इथेच आहे. मुलाला तिथे सोडून गोव्यातील एखादे कुटुंब स्वतःच्या गाडीने ओंकारेश्वराला निघाले, तर पुढे भेरूघाटाची वळणे येतात. समजा, त्या घाटात अपघात झाला आणि गाडीत नोंद न केलेला सीएनजी संच आहे. विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडी आरसी बुकाशी ताडून पाहील आणि तिथेच भरपाईचे घोडे अडेल.

विमा हा विश्वासावर उभा असलेला करार आहे. गाडी कोणत्या इंधनावर चालते, तिची किंमत किती, यावर हप्ता ठरतो. सीएनजी संच कळवला, तर रूढ दराने संचाच्या किमतीच्या ४ टक्के आणि त्रयस्थ दायित्वासाठी ६० रुपये एवढाच वाढीव हप्ता पडतो. एवढ्या रकमेसाठी लाखांचा दावा पणाला लावणे शहाणपणाचे नव्हे.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. मान्य संच बसवून इंधन बदलण्यास मात्र मुभा आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. बेकायदा बदलाला कलम १८२ अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. सीट कव्हर वा म्युझिक सिस्टीमचा प्रश्न वेगळा: त्यांनी कायदा मोडत नाही, पण न कळवलेल्या महागड्या वस्तूची किंमत भरपाईत धरली जात नाही.

घाटात जखमी झालेल्या पादचाऱ्याचे काय? त्रयस्थाची भरपाई नाकारण्याची कारणे कायद्याने मोजकीच ठेवली आहेत, म्हणून तो सहसा वाऱ्यावर पडत नाही. खरा धोका मालकाच्या स्वतःच्या नुकसानीच्या दाव्याला असतो.

तरीही प्रत्येक नकार मुकाट्याने स्वीकारू नये. टॅक्सीसारखी वापरलेली खासगी गाडी चोरीस गेली, तेव्हा अटभंगाचा चोरीशी संबंध नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ७५ टक्के भरपाई मान्य केली होती. तो निकाल वापराबद्दल होता. पण बदललेल्या चाकांचा चोरीशी काय संबंध, हे कंपनीला विचारता येईलच. गॅस संचातून आग लागली, तर मात्र हा युक्तिवाद टिकणे कठीण.

संच बसवण्यापूर्वी वाहतूक खात्याची मान्यता घ्यावी, आरसीवर नोंद करावी आणि विमा कंपनीकडून पुरवणी पत्र लेखी मागून घ्यावे. एजंटाला फोनवर सांगितले होते, हा पुरावा होत नाही.