परदेशीं गेलेल्या चित्रप्रती व त्यांचा शोध

मूळ ग्रंथ जेथें लिहिला गेला तेथें तो नाहींसा व्हावा आणि त्याची एखादी नक्कल शेंदोनशें कोसांवर भलत्याच घराच्या माळ्यावर सुखरूप राहावी, हा अनुभव हस्तलिखितांच्या संग्राहकांस नवा नाहीं. लेखनाच्या बाबतींत जें घडतें तेंच चलच्चित्रांच्या बाबतींतही घडलें आहे. फरक इतकाच कीं, येथें कोस शेंकडों नसून हजारों आहेत. आमच्या लुप्त चित्रांचा शोध नाशिक, मुंबई, कोल्हापूर येथें जितका करावयाचा तितकाच तो परदेशच्या संग्रहांतूनही केला पाहिजे. आणि तो नांवांच्या याद्या चाळून नव्हे, तर प्रत कोणत्या वाटेनें गेली हें हुडकून केला पाहिजे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

प्रथम हानीचें मान पाहूं. हिंदुस्थानांत तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले. त्यांपैकीं पूर्ण वा त्रुटित स्वरूपांत आज उपलब्ध असलेले सुमारें तीस. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली व १९०१ सालीं रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचें चित्र घेतलें. दोहोंपैकीं एकही उरलेलें नाहीं. बाबूराव पेंटर यांचा 'सिंहगड' (१९२३) गेला. 'सावकारी पाश' या नांवाचा जो चित्रपट आपण पाहतों तो १९३६ चा बोलपट होय. १९२५ चा मूकपट गेला. त्या काळची फीत नायट्रेट सेल्युलॉइडची असे. ती सहज पेट घेते, आणि न पेटली तरी उष्ण दमट हवेंत चिकट होऊन अखेर तिची भुकटी होते. शिवाय तींत चांदीचा अंश असतो. चित्रपटाचा धंदा आटोपला म्हणजे रिळें धुवून चांदी काढून घेण्याचा परिपाठ होता. 'आलम आरा' (१९३१) या आपल्या पहिल्या बोलपटाचीं उरलेलीं रिळें अशींच चांदीपायीं गेलीं, असें पी. के. नायर यांनीं सांगून ठेविलें आहे. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, त्याची उभारणी मुख्यतः या गृहस्थांनीं केली. फाळके यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) जवळजवळ पूर्ण स्वरूपांत जुळवून घेतां आला तो त्यांच्याच खटपटीनें. परंतु ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांतील प्रभातच्या जुन्या आवारांतील कोठारास आग लागून नायट्रेट फितींचा मोठा सांठा जळाला. ज्यांच्या नकला आधीं झाल्या होत्या त्यांचें चित्र राहिलें, मूळ गेलें.

आतां परदेशाकडे वळूं. कलकत्त्याच्या मादन कंपनीचा 'बिल्वमंगल' (१९१९) हा चित्रपट आपल्याकडे नामशेष झाला होता. त्याचा एक तुकडा पॅरिसच्या सिनेमातेक फ्रांसेज या संग्रहांत निघाला व त्याची नक्कल २०१६ सालीं पुण्यास आली. मूळ लांबी १२,००० फूट, म्हणजे ३,६५७ मीटर. हातीं आला तो भाग ५९४ मीटर, म्हणजे सहावा हिस्साही पुरता नाहीं. तरीही ज्या वर्षांतील बहुतेक सर्व चित्रें नष्ट झालीं, त्या वर्षांतील हा एवढा भाग मिळणें लहान गोष्ट नव्हे. हिमांशु राय यांचे 'प्रेम संन्यास' (१९२५), 'शिराज' (१९२८) व 'प्रपंच पाश' (१९२९) हे तीन मूकपट तर जर्मन लोकांच्या भागीदारींत निघाल्यामुळेंच वांचले, कारण त्यांच्या प्रती युरोपांत राहिल्या. पण शोधकानें येथें एक ध्यानांत ठेवावें. 'प्रेम संन्यास' तिकडे 'लाइट ऑफ एशिया' आहे, 'प्रपंच पाश' हा 'थ्रो ऑफ डाइस' आहे, आणि जर्मन भाषेंत दोहोंस आणखी निराळीं नांवें आहेत. देशी नांवानें यादी चाळणाऱ्यास यांतील कांहींच सांपडणार नाहीं.

वाटेवरून प्रत शोधण्याची रीत कशी असते, याचा उत्तम नमुना इंग्रजांच्या दूरचित्रवाणीनें घालून दिला आहे. लंडनच्या बी. बी. सी. संस्थेनें १९६३ पासून 'डॉक्टर हू' नांवाची एक अद्भुत कथांची मालिका चालविली. पहिल्या सहा वर्षांत तिचे २५३ भाग झाले. चुंबकीय फिती महाग असत. म्हणून त्या पुसून पुन्हा वापरल्या जात, आणि ज्या फिल्मवर नकला उतरल्या होत्या त्याही पुढें जागेच्या अडचणीमुळें काढून टाकण्यांत आल्या. मात्र ह्याच नकला आधीं परदेशांतील दूरचित्रवाणी केंद्रांस विकल्या गेल्या होत्या. एका केंद्रानें दाखवून झाल्यावर प्रत दुसऱ्या केंद्राकडे धाडावयाची, नाहीं तर परत करावयाची किंवा नष्ट करून तसें कळवावयाचें, असा करार असे. तेव्हां एका देशांतून प्रत निघाल्याची नोंद आहे आणि पुढच्या देशांत पोंचल्याची किंवा नष्ट झाल्याची नोंद नाहीं, असें जेथें दिसेल तेथें जाऊन पाहावें, ही युक्ति. १९९२ सालीं एका कथेचे चारही भाग हाँगकाँगहून परत आले. नंतर फिलिप मॉरिस या शोधकानें नायजेरियांतील जोस गांवच्या एका प्रक्षेपण केंद्रांतून हरवलेले नऊ भाग मिळविले; ही वार्ता २०१३ सालीं जाहीर झाली. हरवलेल्यांची संख्या त्यामुळें १०६ वरून ९७ वर आली. त्या दोन कथांपैकीं एक पुरी झाली. दुसरीचा तिसरा भाग तेवढा राहिला. पोथीचें मधलेंच एक पान न मिळाल्याची चुटपुट ज्यांनीं अनुभवली आहे, त्यांस याचें वर्णन करून सांगावयास नको.

प्रत टिकते ती मध्यवर्ती ठिकाणीं नव्हे, तर वाटेच्या शेवटीं, जेथून ती परत धाडण्याचें भाडें देण्यास कोणी तयार नसतो. कॅनडाच्या उत्तर टोंकाकडील डॉसन या गांवीं १९७८ सालीं खोदकामांत पांचशेंहून अधिक रिळें जमिनींत पुरलेलीं निघालीं. चित्रपटांच्या फेरीचें तें अखेरचें ठाणें होतें, आणि गोठलेल्या मातीनें तीं राखलीं.

आमच्या चित्रांच्या वाटाही अशाच काढतां येतील. १९२७-२८ सालीं दिवाणबहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं जी सिनेमाविषयक समिति नेमली गेली, तिनें घेतलेल्या साक्षींचे जाड खंड छापलेले आहेत. रंगून व मंडाले येथील साक्षी त्यांत आहेत, तशा नागपूरच्याही आहेत. चित्रें कोणाकडून येतात, पुढें कोठें जातात, भाडें काय पडतें, हें तेथें व्यापाऱ्यांच्याच तोंडून कळतें. चित्रपटांच्या अभ्यासकांनीं हे खंड बरेच वापरले. परंतु प्रतींचा मागोवा घेण्यासाठीं ते अजून बारकाईनें वाचले पाहिजेत. दादासाहेब फाळके १९१४ सालीं 'राजा हरिश्चंद्र', 'मोहिनी भस्मासुर' व 'सत्यवान सावित्री' हीं चित्रें घेऊन लंडनला गेले व तेथें तीं दाखविलीं. त्या वर्षाचीं तिकडील धंद्याचीं साप्ताहिकें पानन्‌पान पाहणें हें एका चांगल्या विद्यार्थ्यास वर्षभर पुरेल असें काम आहे.

प्रत मिळाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. पाठचिकित्सा तेथूनच सुरू होते. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशनमध्यें लोकांपुढें आला. त्याच्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोन संग्रहालयांत आहेत, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु फाळके यांनीं हीच कथा १९१७ सालीं पुन्हा चित्रित केली होती, आणि उपलब्ध रिळें त्या दुसऱ्या चित्राचीं होत असें कांहीं अभ्यासकांचें प्रतिपादन आहे. असा वाद केवळ पडद्यावर पाहून मिटत नाहीं. कागदावरील जलचिन्हावरून आपण पोथीचा काळ बांधतों, तशीच सोय येथेंही आहे. कोडॅक कंपनीच्या फितीच्या कडेस वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशीं बारीक चिन्हें असतात व त्यांवरून फीत कोणत्या सालची तें निघतें. मात्र तींच चिन्हें वीस वर्षांनीं पुन्हा येत. शिवाय तीं फितीचें वय सांगतात, चित्राचें नव्हे, कारण जुन्या चित्राची नवी नक्कल कधींही होऊं शकते. १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथें परीक्षक मंडळें बसलीं. त्यांच्या दाखल्यावर चित्राची लांबी व तारीख असे. ती चित्राची पुष्पिकाच समजावी. परदेशी संग्रहांकडून केवळ चित्राची नक्कल मागविण्यांत अर्धेंच काम होतें. कडेचीं चिन्हें, जोड, डब्यावरील लेबल यांचें तपशीलवार वर्णन त्यासोबत मागितलें पाहिजे. ब्लूमहार्ट व कान्हेरे यांची इंडिया ऑफिसमधील मराठी हस्तलिखितांची सूची १९५० सालीं निघाली; तशी परदेशस्थ हिंदी चित्रांची एक सूची व्हावी, हें मोठें काम आहे खरें, पण अशक्य नव्हे.

मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. तेथेंही फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्याचें सर्वश्रुत आहे. त्यांच्या नकला केंद्राकेंद्रांतून फिरल्या नाहींत, म्हणून इंग्रजांची रीत येथें जशीच्या तशी लागू पडणार नाहीं; पुढें घरोघरीं ध्वनिचित्रमुद्रक आल्यावर खाजगी रीत्या उतरून घेतलेल्या फितींकडे वळावें लागेल. परदेशीं राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे अशा फिती असल्यास त्यांची विचारपूस आतांच व्हावी, कारण त्यांचें आयुष्य नायट्रेटपेक्षांही कमी आहे.

आमच्या हिंगण्याचा व सभोंवारचा मुलूख चित्रपटवितरकांच्या भाषेंत अद्यापि 'सी. पी. बेरार' म्हणून ओळखला जातो. त्या नांवाचा प्रांत १९५० सालीं संपला, व्यापारांत नांव टिकलें. जत्रेजत्रेंतून तंबू घेऊन फिरणाऱ्यांच्या वाटेचा शेवटही याच मुलखांतील गांवीं होत असे. त्यांच्या वारसांच्या घरीं गंजलेले डबे दिसले तर संग्राहकांनीं ते विस्तवापासून दूर, सावलींत ठेवावे, रीळ उलगडूं नये, आणि झांकणाच्या आंत चिकटलेली रेल्वेची पावती असल्यास ती खरवडूं नये. डबा कोणत्या स्टेशनाहून सुटला व कोणाच्या नांवें आला, हें तीवरच लिहिलेलें असतें.