विश्लेषण : गिटहबची एक किल्ली बदलली आणि संगणकांनी धोक्याचा इशारा का दिला? सर्व्हर ‘पिन’ करणे म्हणजे काय?

२४ मार्च २०२३, शुक्रवार. भारतात सकाळचे साडेदहा वाजण्याच्या सुमारास जगातील सर्वांत मोठ्या कोड-साठ्याने, गिटहबने, आपल्या सर्व्हरची एक गुप्त किल्ली बदलली. त्यानंतर कामाला बसलेल्या अनेक प्रोग्रामरच्या पडद्यावर ठळक इशारा झळकला : ‘समोरच्या सर्व्हरची ओळख बदलली आहे, कोणीतरी मधे बसून तुमचे संभाषण ऐकत असण्याची शक्यता आहे.’ प्रत्यक्षात समोर खराच सर्व्हर होता. मग इशारा का आला आणि तो पुसून पुढे जाणे योग्य होते का, याविषयी…

नेमके काय घडले होते?

गिटहबच्या आरएसए प्रकारच्या एसएसएच किल्लीचा खासगी भाग काही काळ एका सार्वजनिक कोड-साठ्यात उघड झाला होता. तिचा गैरवापर झाल्याचे दिसत नाही आणि त्या किल्लीने ग्राहकांच्या माहितीपर्यंत पोहोचता येत नाही, असे कंपनीने स्पष्ट केले. मात्र खबरदारी म्हणून किल्ली बदलली. ईसीडीएसए आणि ईडी२५५१९ या अन्य दोन प्रकारच्या किल्ल्या वापरणाऱ्यांना, तसेच एचटीटीपीएसने जोडणाऱ्यांना काहीच फरक पडला नाही. ज्यांच्या संगणकाने जुनी आरएसए किल्ली लक्षात ठेवली होती, त्यांचे काम मात्र अडले.

सर्व्हर खोटा निघाला तर काय बिघडते?

गिट, मर्क्युरिअल, सबव्हर्जन ही ‘व्हर्जन कंट्रोल’ साधने. सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये कोणी, कधी, काय बदलले याची वहीच ती. गिट आणि मर्क्युरिअल दोन्ही २००५ मध्ये जन्मली. आज बँकेच्या ॲपपासून मोबाइलच्या प्रणालीपर्यंत बहुतेक कोड अशाच साधनांतून ये-जा करतो. खऱ्या सर्व्हरच्या जागी भामटा बसला, तर तो पाठवलेला कोड वाचू शकतो, काही वेळा पासवर्ड मिळवू शकतो आणि सर्वांत वाईट म्हणजे खाली उतरवल्या जाणाऱ्या कोडमध्ये स्वतःच्या ओळी घुसवू शकतो. असे सॉफ्टवेअर पुढे सामान्य ग्राहकाच्या फोनपर्यंत पोहोचते.

सर्व्हरची ओळख कशी पटवली जाते?

दोन मार्ग आहेत. एचटीटीपीएसमध्ये सर्व्हर प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर एखाद्या मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेची सही असते. संगणक त्या संस्थेवर विश्वास ठेवतो, म्हणून सर्व्हरवरही ठेवतो. एसएसएचमध्ये सहसा अशी मध्यस्थ संस्था नसते. पहिल्या भेटीत सर्व्हरच्या किल्लीचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, दाखवला जातो. ‘हो’ म्हटले की किल्ली संगणकावरील एका फाइलमध्ये नोंदली जाते. पुढच्या प्रत्येक भेटीत तीच किल्ली दिसली पाहिजे.

अमुक सर्व्हरसाठी अमुकच किल्ली किंवा प्रमाणपत्र मान्य, अशी नोंद करून ठेवणे म्हणजे ‘पिन’ करणे.

प्रमाणन संस्था असताना पिन कशाला?

कारण प्रमाणन संस्थाही फसू शकते. २०११ मध्ये डिजिनोटार या नेदरलँड्समधील संस्थेच्या यंत्रणेत हॅकर शिरले आणि गूगलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र तयार झाले. त्याचा वापर प्रामुख्याने इराणमधील जीमेल वापरकर्त्यांवर पाळत ठेवण्यासाठी झाला. सही मान्यताप्राप्त संस्थेची असल्याने ते खरे भासत होते. क्रोम ब्राउझरमध्ये मात्र गूगलच्या किल्ल्या आधीच पिन केलेल्या होत्या. तेथे इशारा दिसला आणि बिंग फुटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिजिनोटार दिवाळखोरीत गेली.

दुसरे कारण साधे आहे. अनेक कार्यालयांतील अंतर्गत सर्व्हर स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र वापरतात. त्याला बाहेरची कोणतीच संस्था दुजोरा देत नाही. तेथे पिन करणे हा सोपा उपाय ठरतो.

कोणत्या साधनात कशी सोय आहे?

मर्क्युरिअलमध्ये सर्व्हरच्या प्रमाणपत्राचा ठसा सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिता येतो. पूर्वी त्यासाठी एसएचए-१ पद्धतीचा ठसा चाले. २०१६ मधील ३.९ आवृत्तीपासून नवा विभाग आला, ज्यात अधिक भक्कम एसएचए-२५६ ठसा देता येतो आणि एका सर्व्हरसाठी एकाहून अधिक ठसे नोंदवता येतात. ठसा दिला की मर्क्युरिअल प्रमाणन संस्थेची सही तपासत नाही. ठसा जुळला तर पुढे, नाही तर काम थांबते.

गिटमध्ये एचटीटीपीएससाठी प्रमाणपत्राऐवजी त्यातील सार्वजनिक किल्ली पिन करता येते. फरक महत्त्वाचा आहे : प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले तरी किल्ली तीच ठेवता येते, त्यामुळे पिन मोडत नाही. सबव्हर्जन अनोळखी प्रमाणपत्र दिसल्यावर तीन पर्याय देते : नाकारा, या वेळेपुरते स्वीकारा किंवा कायमचे स्वीकारा. घाईत ‘कायमचे’ निवडणे म्हणजे न तपासता पिन करणे.

मग अडचण कुठे येते?

पिन करणे सोपे, सांभाळणे अवघड. सर्व्हरचे प्रमाणपत्र बदलले की प्रत्येक संगणकावरील नोंद बदलावी लागते. त्यात प्रमाणपत्रांचे आयुष्य घटत आहे. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणन संस्थांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या वेळापत्रकानुसार सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० दिवस आणि २०२९ पासून ४७ दिवस होते. दर दीड महिन्याने हाताने ठसे बदलणे कोणत्याही कार्यालयाला झेपणारे नाही. संकेतस्थळांनी ब्राउझरला पिन कळवण्याची पद्धतही अशाच कारणांनी मागे पडली. चुकीच्या पिनमुळे स्वतःचेच संकेतस्थळ बंद पडण्याची भीती होती. क्रोमने २०१९ मध्ये ती काढून टाकली.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. किल्ली चोरीला गेली, तर जुनी पिन उलटी फिरते. गिटहबच्या प्रकरणात ज्यांनी जुनी नोंद तशीच ठेवली, त्यांचा संगणक खऱ्या सर्व्हरवर संशय घेणार होता आणि चोरलेली किल्ली घेऊन आलेल्या भामट्याला मात्र निमूटपणे आत घेणार होता. म्हणून अशा वेळी नवी नोंद करण्याइतकेच जुनी नोंद पुसणे आवश्यक असते.

इशारा दिसल्यावर काय करावे?

सर्वांत वाईट उपाय म्हणजे तपासणीच बंद करणे. गिटमध्ये प्रमाणपत्राची तपासणी बंद करणारी सेटिंग आहे, एसएसएचमध्येही किल्लीची तपासणी सैल करता येते. अडलेले काम सुटते, पण ‘तात्पुरती’ केलेली ही सोय अनेकदा वर्षानुवर्षे तशीच राहते.

योग्य क्रम वेगळा आहे. आधी थांबावे. नवा ठसा दुसऱ्या मार्गाने मिळवावा : अधिकृत संकेतस्थळावरून किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीला फोन करून. गिटहबनेही नवा ठसा आपल्या संकेतस्थळावर जाहीर केला होता. तो अक्षर न् अक्षर जुळला, तरच जुनी नोंद काढून नवी करावी. ज्या जोडणीवर संशय आहे, तिच्यातूनच आलेला ठसा खरा मानणे म्हणजे चोरालाच ओळखपत्र विचारणे.

कार्यालयांनी कोणती व्यवस्था ठेवावी?

ठशांची एकच यादी असावी. ती कोडप्रमाणेच व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवावी, म्हणजे कोणता ठसा कोणी, कधी, का बदलला हे दिसते आणि दुसऱ्याच्या तपासणीशिवाय बदल होत नाही. मात्र जो सर्व्हर तपासायचा, त्याच्यावरच यादीची एकमेव प्रत नसावी. प्रमाणपत्र बदलण्याआधी जुना आणि नवा असे दोन्ही ठसे काही दिवस यादीत ठेवावेत. बदल पूर्ण झाला की जुना काढावा. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांचे सर्व्हर या यादीत विसरू नयेत, कारण तेथे इशारा वाचायला कोणी बसलेले नसते. सर्व्हर बरेच असतील, तर प्रत्येकाचा ठसा पिन करण्याऐवजी कार्यालयाची स्वतःची अंतर्गत प्रमाणन व्यवस्था उभारून फक्त तिच्यावर विश्वास ठेवणे अधिक सोयीचे ठरते.